बंकरमधली पानं-शेंगा उचलायच्या की नाहीत? (गोल्फचे नियम)

रेनट्रीखाली

मंडळी, गेल्या रविवारी क्लबच्या मंथली मेडलमध्ये (दर महिन्याची स्पर्धा) घडलेला एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतोय. इथे गोल्फ खेळणारे थोडेच आहेत, पण जे आहेत ते नियम मन लावून वाचणारे आहेत.

पुण्यातलं जुनं कोर्स. मार्च महिना, त्यामुळे रेन ट्रीच्या खाली पानांचा आणि त्या काळ्या चिकट शेंगांचा सडा पडलेला. आठवा होल पार-३ आहे, म्हणजे तीन फटक्यांत पुरा व्हावा असा. माझा टी-शॉट (पहिला फटका) डावीकडे गेला आणि ग्रीनशेजारच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात पडला. चेंडू वाळूवर छान बसला होता, पण त्याच्या मागे साधारण चार बोटांवर एक वाळकी शेंग आडवी पडलेली, आणि भोवती पानं. सँड वेज (वाळूतून मारायचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) जिथे वाळूत शिरायला हवी, नेमकी तिथेच शेंग.

मी वाकलो तोच माझी क्लबची पिशवी वाहणारा कॅडी म्हणाला, "साहेब, हात नका लावू, पेनल्टी पडंल." हा माणूस वीस वर्षं त्या कोर्सवर काम करतो. आमच्या गटात एक ज्येष्ठ सदस्य होते, मी त्यांना सर म्हणतो. त्यांना विचारलं, तर तेही ठामपणे म्हणाले, "बंकर म्हणजे हॅझर्ड, अडथळ्याची जागा. हॅझर्डमध्ये पान हलवलं तरी दोन स्ट्रोक दंड." मला अंधूक आठवत होतं की नियम बदललाय, पण खात्री नव्हती. शेंग तिथेच ठेवून मारलं. क्लब आधी शेंगेवर आदळला आणि चेंडू जेमतेम हातभर पुढे गेला. बाहेर यायला तीन शॉट लागले. पार-३ वर सहा. मेडल दोन स्ट्रोकने हुकलं.

मेडल गेल्याचं दुःख नाही. आपण नेहमी खेळतो त्या खेळाचा इतका साधा नियम मैदानावरच्या चौघांपैकी एकालाही नक्की ठाऊक नसावा, याचं वाईट वाटतंय. नेमका नियम काय आहे, कोणी सविस्तर सांगेल का?

नियमवाचक

रेनट्रीखाली, शेंग उचलली असती तरी एकही स्ट्रोक लागला नसता. गेली काही वर्षं मी स्पर्धांमध्ये नियमांचं काम बघतो आणि हा प्रश्न मला दर मोसमात येतो, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

तुमच्या सरांनी सांगितला तो नियम खोटा नव्हता, जुना होता. ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत नियम १३-४ असा होता की चेंडू हॅझर्डमध्ये असेल, तर त्याच हॅझर्डमधलं सुटं पान, काडी, दगड यांना हात लावायचा नाही आणि ते हलवायचे नाहीत. बंकर आणि पाण्याचा हॅझर्ड, दोन्हींना तो लागू. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी मिळून नियमपुस्तक नव्याने लिहिलं आणि १ जानेवारी २०१९ पासून ते जगभर लागू झालं. त्यात 'हॅझर्ड' हा शब्दच गेला. बंकरला स्वतःचा नियम मिळाला, क्रमांक १२. सुट्या नैसर्गिक वस्तूंचा, म्हणजे लूज इम्पेडिमेंटचा नियम झाला १५.१. तो सांगतो की अशी वस्तू कोर्सवर कुठूनही, कशीही काढता येते. हाताने, पायाने, क्लबने. बंकरमधूनसुद्धा.

बदलामागचा विचार मला पटतो. बंकरमधून खेळणं अवघड असावं ते वाळूमुळे. वरच्या झाडाने त्या दिवशी किती शेंगा टाकल्या, यावर खेळाडूची परीक्षा कशाला?

नियम १२.२अ मध्ये एक महत्त्वाचं वाक्य आहे. वस्तू काढताना वाळूला जो वाजवी स्पर्श होईल किंवा वाळू जेवढी हलेल, त्याला दंड नाही. शेंग उचलताना बोटं वाळूला लागणारच, ते चालतं. मात्र 'वाजवी' या शब्दाला वजन आहे. शेंग सरळ वर उचलता येत असताना तुम्ही ती ओढत नेली आणि त्या ओढण्याने क्लबच्या वाटेतला वाळूचा उंचवटा सपाट झाला, तर ते लाय (चेंडू जिथे, जसा पडलाय ती स्थिती) सुधारणं झालं. मग नियम ८.१ खाली दंड आहे. म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो, दोन बोटांत धरा आणि वर उचला. झाडल्यासारखं करू नका.

शनिवारची_फोरबॉल

म्हणजे आता बंकरमध्ये क्लब टेकवला तरी चालतो, असंच ना? आमच्याकडे काहीजण तसं सांगतात.

नियमवाचक

नाही! हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. पानांना मोकळीक मिळाली, वाळूला नाही. वाळू कशी आहे हे अजमावण्यासाठी हात, क्लब, रेक किंवा आणखी कशानेही मुद्दाम स्पर्श केला की दंड. चेंडूच्या लगेच मागे किंवा पुढे क्लब टेकवला, सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला लागला किंवा प्रत्यक्ष शॉटच्या बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) लागला, तरी दंड. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तो प्रकार) दोन स्ट्रोक, मॅच प्लेमध्ये (होलवार हार-जीत ठरते तो प्रकार) तो होल गेला.

काही गोष्टींना मात्र मुभा आहे. स्टान्स घेताना पाय वाळूत रुतवता येतात. तोल सांभाळायला क्लबवर रेलता येतं. जास्तीचे क्लब बंकरमध्ये ठेवता येतात. रागाने वाळूवर क्लब आपटला तरी या नियमाखाली दंड नाही. तसं करणं मला स्वतःला आवडत नाही, पण नियम नियम आहे.

फेअरवे_ताई

नियमवाचक, तुम्ही बॅकस्विंगचं लिहिलंत म्हणून गोल्फपटू मिशेल वी आठवली. २००६ ची विमेन्स ब्रिटिश ओपन, रॉयल लिदम. बंकरमधून मारताना बॅकस्विंगमध्ये तिचा क्लब चेंडूमागच्या मॉसच्या (शेवाळाच्या) तुकड्याला लागला आणि दोन स्ट्रोक पडले. मी तेव्हा नुकतीच खेळायला लागले होते. मॉसला लागल्याने तिला शॉटमध्ये काय फायदा झाला असेल, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. आजच्या नियमात तो दंड पडला नसता, बरोबर ना?

नियमवाचक

बरोबर, ताई. तो तुकडा सुटा होता, आणि आज बॅकस्विंगमध्ये सुट्या वस्तूला लागणं यावर दंड नाही. वाळूला लागलं तरच आहे.

याच जातीचा, मनाला अधिक लागणारा प्रसंग ब्रायन डेव्हिसचा. एप्रिल २०१०, हार्बर टाउन, जिम फ्युरिकबरोबर प्लेऑफ (बरोबरी सोडवण्याचा सामना). अठराव्या होलवर डेव्हिसचा चेंडू पाण्याच्या हॅझर्डच्या हद्दीत, किनाऱ्यावरच्या काडीकचऱ्यात गेला. बॅकस्विंगमध्ये क्लब एका सुट्या बोरूच्या काडीला पुसटसा लागला. दुसऱ्या कोणाला ते दिसलंही नव्हतं. त्याने स्वतः अधिकाऱ्याला बोलावलं आणि सांगितलं. स्लो मोशनमध्ये काडी हलताना दिसली, दोन स्ट्रोक पडले आणि स्पर्धा फ्युरिकने जिंकली. पीजीए टूरवरचं त्याचं ते पहिलं विजेतेपद ठरलं असतं. आज पाण्याच्या हॅझर्डच्या जागी पेनल्टी एरिया आहे आणि तिथेही त्या काडीला दंड नाही. नियम बदलला, पण डेव्हिसने त्या दिवशी जे केलं त्याची किंमत माझ्या लेखी तसूभरही कमी होत नाही.

वाळूच्या बाबतीत उलटं उदाहरण ॲना नॉर्डक्विस्टचं. २०१६ ची यूएस विमेन्स ओपन, प्लेऑफ. फेअरवे बंकरमध्ये बॅकस्विंगला तिच्या क्लबने वाळूचे काही कण हलवले, तेही कॅमेऱ्याच्या झूममध्ये दिसले. दोन स्ट्रोक पडले आणि ब्रिटनी लँग जिंकली. त्यानंतर २०१७ मध्ये असं ठरलं की नुसत्या डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं, अशा गोष्टीसाठी व्हिडिओवरून दंड करायचा नाही. पण डोळ्यांना दिसेल असा वाळूचा स्पर्श आजही दंडाचाच आहे.

कोकणकडा

धागा वाचतोय, फार उपयोगी आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. लूज इम्पेडिमेंट नेमकं कशाला म्हणायचं? आमच्याकडे बंकरमध्ये काय काय सापडतं म्हणून सांगू! शेण, मुंग्यांची वारुळं, अर्धवट खाल्लेले आंबे, नारळाच्या झावळ्या, खेकड्यांनी उकरलेली वाळू. शिवाय गुटख्याच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या.

नियमवाचक

कोकणकडा, तुमच्या यादीत अर्धं नियमपुस्तक आलं. एकेक घेऊ.

जी वस्तू नैसर्गिक आहे आणि कशाला जोडलेली नाही, ती लूज इम्पेडिमेंट. दगड, सुटं गवत, पानं, फांद्या, काड्या. प्राण्यांची विष्ठा त्यात स्पष्टपणे येते, म्हणजे शेण खुशाल बाजूला करा. मेलेला प्राणी येतो. किडे, गांडुळं आणि त्यांनी बांधलेलं घरही येतं, म्हणून मुंग्यांचं वारूळ काढता येतं. कोळ्याचं जाळं तर दुसऱ्या वस्तूला चिकटलेलं असलं तरी सुटंच धरतात. आंबा झाडावरून पडला की सुटा झाला. अर्धा खाल्लेला असो, ते झाड कोर्सवर नसो, फरक पडत नाही. कोणी टाकलेली संत्र्याची सालसुद्धा यातच. झावळी मोठी असेल तर दोघांनी मिळून उचला, किंवा अडणारा भाग मोडून काढा, चालतं.

काय येत नाही? वाळू आणि सुटी माती. दव, पाणी. जमिनीत घट्ट रुतलेला, सहज न निघणारा दगड. चेंडूलाच चिकटलेली वस्तू. आणि अर्थातच उगवलेलं गवत.

खेकड्याची वाळू हा सुंदर प्रश्न आहे. मुंगी कीटक आहे म्हणून तिचं वारूळ उचलता येतं. खेकडा किंवा घूस कीटक नाही, म्हणून त्यांनी उकरलेला ढीग वाळूच राहतो आणि तो हाताने बाजूला करता येत नाही. पण ते प्राण्याने केलेलं बीळ आहे, आणि उकरलेली मातीही त्या बिळाचाच भाग मानतात. ते आड येत असेल तर नियम १६.१ खाली दंडाशिवाय सुटका मिळते, बंकरच्या आतच, होलच्या जवळ न जाता. बंकरच्या बाहेर यायचं असेल तर एक स्ट्रोक.

गुटख्याची पुडी, बाटली, सिगारेटचं थोटूक, रेक या माणसाने केलेल्या वस्तू. त्या मूव्हेबल ऑब्स्ट्रक्शन, नियम १५.२. त्याही बंकरमधून काढता येतात.

शनिवारची_फोरबॉल

दोन्ही काढता येतात, तर मग फरक कशाला करायचा? पुडी काय आणि शेंग काय!

नियमवाचक

फरक चेंडू हलला की कळतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली हीच गोष्ट पाठ करून ठेवावी. पुडी किंवा रेक काढताना चेंडू हलला तर दंड नाही, चेंडू होता तिथे परत ठेवायचा. शेंग किंवा पान काढताना चेंडू हलला तर एक स्ट्रोक दंड, आणि चेंडू परत ठेवायचा. न ठेवता खेळलात तर दोन स्ट्रोक. ग्रीनवर ही भीती नाही, पण बंकरमध्ये आहे.

म्हणून चेंडूला टेकलेलं पान दिसलं की थांबा. खाली बसून बघा. चेंडू त्या पानावर रेललाय की पान नुसतं वरून पडलंय? रेललेला असेल तर मी ते पान सोडून देतो आणि शॉटच थोडा वेगळा खेळतो. बंकरची वाळू भुसभुशीत असते आणि उताराला चेंडू फार लवकर घरंगळतो.

एक पुरवणी. रेक काढल्यावर चेंडू खाली घरंगळला आणि परत ठेवताना जागेवर राहीना, तर दुसऱ्यांदा ठेवून बघायचा. तरीही राहिला नाही, तर जिथे राहील अशा जवळच्या जागी, बंकरमध्येच, होलच्या जवळ न जाता.

रेनट्रीखाली

एक शंका. चेंडू मार्क करून उचलला, पान काढलं आणि परत ठेवला तर? चेंडू हलण्याचा प्रश्नच येत नाही.

नियमवाचक

ही पळवाट नियम लिहिणाऱ्यांनी आधीच बुजवली आहे. त्या कारणासाठी चेंडू उचलायला परवानगीच नाही. आणि दुसऱ्या योग्य कारणाने उचलला असेल, समजा तुमचाच आहे का ते ओळखायला, तरी चेंडू जागेवर असताना जे पान काढल्याने तो बहुधा हलला असता, ते पान परत ठेवण्याआधी मुद्दाम काढायचं नाही. काढलं तर एक स्ट्रोक.

परसातली_वाळू

मी न्यू जर्सीत राहते. आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंकर पानांनी काठोकाठ भरतात आणि चेंडूच दिसत नाही. शोधताना पानं चाळावी लागतात, त्यात चेंडूला धक्का लागला तर काय?

आमच्या क्लबात त्या दिवसांत स्कोअरकार्डवर एक स्थानिक नियम छापतात. काही ठरावीक होलवर साठलेल्या पानांचे ढीग ग्राउंड अंडर रिपेअर (दुरुस्तीखालची जमीन) धरायचे. चेंडू त्यातच गेलाय हे नक्की असेल तर दंडाशिवाय सुटका मिळते. आधी मला वाटायचं हा आमच्याच क्लबचा लाड आहे.

नियमवाचक

लाड नाही. कमिटीला वापरता येतील असे नमुन्याचे स्थानिक नियम असतात, त्यातलाच तो एक आहे. आपल्याकडे मार्चमध्ये रेन ट्रीखालच्या होलसाठी कमिट्यांनी त्याचा विचार करायला हरकत नाही.

शोधताना धक्का लागला तर दंड नाही, नियम ७.४. चेंडू मूळ जागी ठेवायचा; तो पानांखाली असेल तर हललेली पानं पुन्हा तशीच आणायची गरज नाही. वाळूत पुरला असेल तर शोधण्यासाठी वाळू बाजूला करता येते, पण मग मूळ लाय पुन्हा तयार करायची. चेंडूचा थोडासाच भाग दिसता ठेवता येतो.

आणि एक कळकळीचं सांगणं, ज्याचा नियमाशी संबंध नाही. आपल्याकडे पानांच्या ढिगात थेट हात घालू नका. क्लबने आधी चाळा. मी स्वतः एकदा बंकरच्या कडेच्या पाचोळ्यातून घोणस निघताना पाहिली आहे. जिवंत साप असेल तर धोकादायक प्राण्याच्या नियमाखाली, १६.२ प्रमाणे, दंडाशिवाय दुसरीकडून खेळता येतं. तिथे धाडस दाखवायचं काही कारण नाही.

जुनी_सातवी_आयर्न

मी सत्तरीत आहे, १९८४ पासून खेळतो. रेनट्रीखालीच्या गटातले ते सर मी नव्हे, पण त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

आमच्या पिढीला बंकरमध्ये हात मागे बांधूनच शिकवलं गेलं. बंकरमध्ये उतरलो की कशालाही स्पर्श करायचा नाही, ही शिस्त होती. तुम्ही आपला चेंडू तिथे घातलात, तर तिथे जे असेल ते भोगा. या विचारात एक सचोटी होती आणि ती मला अजूनही प्रिय आहे. २०१९ चा बदल मी वाचला, पाळतो, पण शेंग उचलताना आजही हात क्षणभर अडखळतो. चाळीस वर्षांची सवय आहे ती. तेव्हा तुमच्या सरांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं असेल असं मनात आणू नका.

फेअरवे_ताई

काका, तुमचं म्हणणं समजतं, पण एक सांगते. ज्येष्ठांचा शब्द मैदानावर शेवटचा मानला जातो, म्हणूनच त्यांनी नवा नियम माहीत करून घेणं जास्त गरजेचं आहे. नवशिका खेळाडू त्यांच्यापुढे बोलत नाही. मी कित्येक मुलींना बंकरमध्ये काडीमागून मारताना पाहिलंय, केवळ कोणीतरी मोठ्याने दटावलं म्हणून. आणि कॅडींना तर नियमपुस्तक कोणी देतच नाही. ते जे ऐकतात तेच पुढे सांगतात.

जुनी_सातवी_आयर्न

ताई, हे मान्य. कॅडींबद्दल तर शंभर टक्के मान्य.

नियमवाचक

रेनट्रीखाली, तुमच्या प्रसंगात खरा उपयोगी पडणारा नियम अजून सांगायचा राहिलाच. २०.१क. स्ट्रोक प्लेमध्ये खात्री नसेल तर त्या होलवर दोन चेंडू खेळता येतात. शंका आली त्या क्षणी, पुढचा शॉट मारण्याआधी, मार्कर (तुमचा स्कोअर लिहिणारा) किंवा सोबतच्या खेळाडूला सांगायचं की मी दोन चेंडू खेळतोय, आणि नियमात बसलं तर अमुक चेंडूचा स्कोअर धरायचा. मग एक चेंडू शेंग तशीच ठेवून खेळायचा, दुसरा शेंग काढून. कार्ड देण्याआधी कमिटीला सगळं सांगायचं. दोन्हींचा स्कोअर सारखा आला तरी सांगायचं, नाहीतर स्पर्धेतून बाद व्हाल. कोणता चेंडू धरायचा ते आधी सांगितलं नाही, तर पहिला खेळलेला निवडला असं मानतात.

सरांशी वाद घालायची गरज पडली नसती, कॅडीचा मान राहिला असता, आणि निर्णय कमिटीने दिला असता. मॅच प्लेमध्ये मात्र ही सोय नाही. तिथे प्रतिस्पर्ध्याशी बोलून ठरवायचं, किंवा वेळेत हरकत नोंदवून निर्णय नंतर मागायचा.

रेनट्रीखाली

नियमवाचक, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. दोन चेंडूंचा नियम मी ऐकला होता, पण तो अशा वेळी वापरायचा असतो हे आत्ता उमगलं.

आज सकाळी क्लबात गेलो होतो. नियम १२ आणि १५ ची पानं छापून घेतली होती. सरांना दाखवली. त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी मी तुला नुकसानीत घातलं." मी म्हटलं, सर, विचारायचं कोणाला हे मलाही ठाऊक नव्हतं. मग त्यांनीच कॅडी मास्टरला बोलावलं. पुढच्या सोमवारी कोर्स बंद असतो, तेव्हा तासभर सगळ्या कॅडींना बसवून हे मराठीतून समजावून सांगायचं ठरलंय. सर बोलणार आहेत, मी शेंगा, पानं आणि एक गुटख्याची पुडी घेऊन जाणार आहे, प्रत्यक्ष बंकरमध्ये दाखवायला.

नियमवाचक, या धाग्यातला मजकूर मी तिथे वाचून दाखवला तर चालेल का? आणि आमच्या कॅडीने विचारलेला एक प्रश्न: पान ओलं होऊन चेंडूला चिकटलं असेल तर?

नियमवाचक

जरूर वाचा. चेंडूला चिकटलेलं पान लूज इम्पेडिमेंट नाही, बंकरमध्ये ते काढता येत नाही, तसंच खेळायचं. पण चेंडूवर जिवंत किडा बसला असेल तर तो चिकटलेला मानत नाहीत, त्याला काढता येतं. चेंडू मात्र हलू द्यायचा नाही.

त्या कॅडीला माझा नमस्कार सांगा, प्रश्न अगदी नेमका विचारलाय.